चढ-उताराचें दुखणें व गांवापर्यंत पोंचणारा उपचार

बैलानें सलग दोन दिवस चारा टाकला तर तिसऱ्या दिवशीं आपण त्यास गुरांच्या दवाखान्यांत नेतों. कपाशीवर बोंडअळी दिसली कीं शेजाऱ्यास विचारतों, जाणत्यास गांठतों, फवारणीचा विचार करतों. त्यांत कोणास लाज वाटत नाहीं. परंतु घरांतील कर्ता मुलगा तीन रात्री झोंपला नाहीं, अखंड बोलूं लागला, कोणास न विचारतां बैलजोडी विकून आला, तर घरची मंडळी दार लावून घेतात आणि गोष्ट चार जणांच्या कानीं जाऊं नये एवढीच काळजी वाहतात. पुढें सहा महिन्यांनीं तोच मुलगा अंथरुणास खिळतो, पेरणीचा वाफसा निघून गेला तरी उठत नाहीं. तेव्हां त्यास आळशी म्हणतात. पहिल्या वेळीं बाहेरची बाधा, दुसऱ्या वेळीं आळस! दोन्हीं वेळां दुखणें एकच आहे, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या दुखण्यास वैद्यकशास्त्रांत द्विध्रुवीय मनोविकार असें नांव आहे. डॉक्टर मंडळी ‘बायपोलर’ हा शब्द वापरतात. तें ओळखावें कसें, त्याचा उपचार शेतकऱ्याच्या ऐपतींत कसा बसतो, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत तो गांवापर्यंत पोंचावा म्हणून आपण काय करूं शकतों, एवढ्याच गोष्टी येथें मांडावयाच्या आहेत.

दुखण्याचें स्वरूप

प्रत्येक मनुष्याच्या मनास भरती-ओहोटी असते. पीक हातीं आलें म्हणजे हर्ष होतो, गारपीट झाली म्हणजे खेद होतो. हा रोग नव्हे. रोगांत हर्षास व खेदास कारण लागत नाहीं, आणि तो आपोआप ओसरतही नाहीं. चढत्या अवस्थेंत, जिला उन्माद म्हणतात, मनुष्य आठवडा-आठवडा दोन-तीन तासांहून अधिक झोंपत नाहीं, आणि तरीही त्यास थकवा म्हणून वाटत नाहीं. बोलण्यास खंड नसतो. एकाच वेळीं दहा बेत मनांत येतात: विहीर खोदावी, ट्रॅक्टर घ्यावा, निवडणुकीस उभें राहावें. पैसा पाण्यासारखा जातो. कोणी अडविलें तर राग अनावर होतो. कांहींस आपल्या अंगीं दैवी शक्ति आल्याचा भासही होतो.

उतरत्या अवस्थेंत याच्या उलट. दोन-दोन आठवडे, कधीं महिनेच्या महिने, मन मेल्यासारखें होतें. जेवण गोड लागत नाहीं, पहांटे जाग येते, वखर हातीं धरवत नाहीं, आपण घरास भार झालों असें वाटूं लागतें, आणि मरणाचे विचार येतात. या दोन अवस्थांच्या मध्यें पुष्कळ काळ तोच मनुष्य अगदीं पूर्ववत् असतो, हिशेबीपणानें शेती करतो, पाहुण्यांची वास्तपुस्त करतो. म्हणूनच घरचे म्हणतात, “बरा झाला.” आणि औषध बंद होतें. दुखणें पुनः उलटतें तें बहुधा येथूनच.

हा रोग बहुतेक वेळां विशीच्या आगेंमागें प्रथम दिसतो. म्हणजे ज्या वयांत मुलगा शेतीचा भार घेऊं लागतो व मुलगी सासरीं जाते, नेमका त्याच वयांत. कांहीं घराण्यांत तो पिढ्यान्पिढ्या दिसतो, परंतु घराण्यांत कोणासही नसतांना होऊं शकतो. त्यांत आईबापांच्या संस्कारांचा दोष नसतो व रोग्याच्या शीलाचाही नसतो. “लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल,” हा सल्ला आपल्याकडे फार मिळतो. लग्नानें हा रोग बरा होत नाहीं. उलट ज्या मुलीस कांहीं न सांगतां त्या घरांत आणिलें, तिच्यावर मात्र मोठा अन्याय होतो.

किती घरांचा हा प्रश्न आहे?

२०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. तरी अंदाजास ती उपयोगी आहे. त्या पाहणींत दर हजार प्रौढ माणसांमागें सुमारें ३ जणांस त्या वेळीं हा विकार असल्याचें आढळलें. आणि ज्यांस तो होता, त्यांपैकीं दर शंभरांत ७० जण उपचारावांचून होते. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत २५,८६,२५८ भरली. तींतील प्रौढ माणसें सतरा लाखांच्या आसपास धरलीं, तर या प्रमाणानें सुमारें पांच हजार माणसें या जिल्ह्यांत या विकारानें पीडित असावीं. तेरा तालुक्यांत ही संख्या वांटली तर तालुक्यामागें जवळजवळ चारशें. गणित स्थूल आहे. पण आपल्या गांवीं असा कोणी नाहीं असें छातीवर हात ठेवून म्हणणारा गांव विरळाच निघेल, एवढें त्यावरून कळतें.

शेतीचा धंदा आणि झोंप

या रोगाच्या बाबतींत शेतकऱ्यानें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. झोंपमोड ही उन्मादास हांक देणारी गोष्ट आहे. शहरांतील डॉक्टर रोग्यास सांगतात, “रोज ठराविक वेळीं झोंपा.” परंतु जेथें अद्याप ओलितासाठीं रात्रीच्या पाळीची वीज येते, तेथें हरभऱ्याला पाणी देणारा माणूस झोंपणार कधीं? रानडुकरें व रोही यांच्या भयानें जागलीस जाणारा माणूस मचाणावर डोळा कसा लावणार? ज्याच्या अंगीं हें दुखणें आहे, त्यास सलग चार रात्रींचें ओलीत म्हणजे वाळल्या कडब्याशेजारीं ठेवलेली चिलीम होय. म्हणून अशा घरानें रात्रीचें पाणी व जागल भावानें, सालगड्यानें किंवा वारंगुळ्यानें शेजाऱ्यानें करावी आणि रोग्यास दिवसाचें काम द्यावें. ही दया नव्हे, हा उपचाराचाच भाग आहे. दिवसा वीज मिळावी ही मागणी आपण सापाच्या व विंचवाच्या भयानें करीत आलों. तिला हेंही एक कारण जोडावें.

बायकांच्या बाबतींत बाळंतपण हा तसाच नाजूक काळ आहे. ज्या स्त्रीस पूर्वीं हा विकार होऊन गेला, तिला बाळंत झाल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत तो उलटण्याचें भय फार असतें. माहेरीं आलेली लेक चार दिवस झोंपली नाहीं, भलतेंसलतें बोलूं लागली, तर “वारें लागलें” म्हणून अंगारा लावीत बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. गरोदरपणाचा विचार असेल तर तोही आधींच डॉक्टरांस सांगावा, कारण या रोगावरील व्हॅल्प्रोएट नांवाचें एक औषध पोटांतील गर्भास अपायकारक आहे व मूल होण्याच्या वयांतील स्त्रियांस तें शक्यतों देत नाहींत.

औषध जुनें, स्वस्त आणि जपून घेण्याचें

१९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड या डॉक्टरानें असें दाखविलें कीं, लिथियम या धातूच्या क्षारानें उन्माद शमतो. लिथियम हा मिठांतील सोडियमचाच भाऊबंद. पुढें अनेक देशांत त्याची पारख झाली, व आज पाऊणशें वर्षांनंतरही या रोगाच्या उत्तम औषधांत त्याची गणना होते. तें चढही आवरतें, उतारही सौम्य करतें, आणि विशेष म्हणजें आत्महत्येचें भय कमी करतें. भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत तें आहे. बाजारांत विकत घेतलें तरी दिवसाचा खर्च गाड्यावरील एका चहाच्या आसपासच पडतो.

परंतु तें मोजून-मापून घेण्याचें औषध आहे. रक्तांत त्याचें प्रमाण थोडें असलें तर गुण येत नाहीं, अधिक झालें तर विषार होतो. आणि या दोहोंमधील अंतर फार नाहीं. म्हणून आरंभीं वरचेवर व पुढें कांहीं महिन्यांनीं रक्त तपासावें लागतें. रात्रीच्या गोळीनंतर सुमारें १२ तासांनीं, सकाळची गोळी घेण्यापूर्वीं, हें रक्त देतात. त्याचबरोबर मूत्रपिंडाची व गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीची तपासणी होते.

आपल्या भागांतील शेतकऱ्यास येथें तीन सूचना अधिक लागतात. पहिली उन्हाची. वैशाखांत नांगरट करतांना अंगांतील पाणी व मीठ घामावाटे जातें, आणि मग मूत्रपिंडें लिथियम धरून ठेवतात. गोळ्या तितक्याच घेऊनही रक्तांतील प्रमाण चढतें. जुलाब-वांत्यांनींही तेंच होतें. म्हणून लिथियम घेणाऱ्यानें भर दुपारचें काम टाळावें, पाणी भरपूर प्यावें, आणि मीठ एकाएकीं कमी किंवा अधिक करूं नये. दुसरी सूचना अंगदुखीच्या गोळ्यांची. कंबर दुखते म्हणून आपण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानांतून आणून घेतों. त्या लिथियमचें प्रमाण वाढवितात. डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत. तिसरी सूचना घाटाखालील मंडळींसाठीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, जळगांव जामोद, संग्रामपूर, शेगांव या बाजूस, मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी पुष्कळ वर्षांपासून आहेत. त्या भागांतील रोग्यानें आपला गांव कोणता व पाणी कोणतें पितों हें डॉक्टरांस पहिल्याच भेटींत सांगावें. मूत्रपिंड दुबळें असेल तर डॉक्टर दुसरें औषध निवडतात. तशीं औषधें आहेत.

हातांस जोराचा कंप, चालतांना झोंक जाणें, जीभ जड होणें, वांत्या-जुलाब, गुंगी हीं विषाराचीं लक्षणें होत. तीं दिसतांच गोळी थांबवून रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. एरवीं मात्र आपल्या मनानें औषध कधींही बंद करूं नये.

नागपूरचा रस्ता आणि जवळची वाट

पूर्वीं या रोगास एकच वाट होती, ती म्हणजे नागपूरचें मनोरुग्णालय. तें १८६४ सालीं स्थापन झालें. बुलढाण्याहून तें तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. रोग्यास तेथें नेण्यास दोन धडधाकट माणसें, जाण्यायेण्याचे दोन दिवस, आणि गांवांत उठणारी चर्चा एवढें भांडवल लागे. म्हणून रोग हाताबाहेर गेल्यावांचून कोणी जात नसे. आणि गेलेला परत आला तरी पुढच्या महिन्याची गोळी त्यास कोण देणार, हा प्रश्न उरेच.

त्यावर तोड निघाली ती कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें १९८५ पासून तेथें असा प्रयोग केला कीं, साध्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस व सेवकांस मनाचीं दुखणीं ओळखण्याचें शिक्षण द्यावें, औषध त्याच केंद्रांत ठेवावें, आणि तज्ज्ञानें अधूनमधून येऊन देखरेख करावी. प्रयोग यशस्वी ठरला. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालींच जाहीर झाला होता. बळ्ळारीच्या धड्यावरून १९९६ सालीं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, समाजसेवक व परिचारिका यांचें पथक असावें आणि त्यानें तालुक्याच्या ठिकाणीं फिरावें, अशी ही योजना आहे. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले गेले आहेत. २०२४ सालीं बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालें. म्हणजे नागपूरचा लांबचा रस्ता आतां बंधनकारक राहिला नाहीं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हां शासनानें २०१५ सालीं विदर्भ व मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठीं ‘प्रेरणा प्रकल्प’ हातीं घेतला. त्यांत बुलढाणा आहे. आशा कार्यकर्तीनें घरोघर जाऊन सोप्या प्रश्नांवरून मनाच्या ताणाची विचारपूस करावी आणि गरजेप्रमाणें रोग्यास पुढें पाठवावें, असा त्याचा गाभा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा एक प्रयोग झाला, त्याचा निकाल सांगण्यासारखा आहे. गांवांतीलच माणसांस शिकवून तयार केलें व त्यांनीं उदासीनतेच्या रोग्यांस हुडकून धीर दिला, दवाखान्याची वाट दाखविली. आरंभीं अशा शंभर रोग्यांमागें चार-पांच जणच कोणाची मदत घेत होते. दीड वर्षानें ही संख्या सत्तावीसवर गेली. शंभरांत सत्तावीस म्हणजे अजून त्र्याहत्तर उरलेच, हें खरें. परंतु नवें रुग्णालय न बांधतां, गांवच्याच माणसांनीं एवढें घडविलें, हेंही खरें.

प्रश्नांतील एक उणीव

या सर्व प्रयत्नांविषयीं आदर ठेवून एक उणीव दाखविणें आवश्यक वाटतें. आत्महत्येच्या चिंतेंतून निघालेल्या प्रश्नावल्या बहुधा दुःखाविषयीं विचारतात: झोंप येते का, मन लागतें का, जीव नकोसा वाटतो का? द्विध्रुवीय विकाराचा रोगी यांत अर्धाच सांपडतो. तो उन्मादांत असला तर म्हणतो, “माझ्यासारखा सुखी कोणी नाहीं.” उतारांत असला तर केवळ उदासीन ठरतो, आणि त्यास उदासीनतेची गोळी मिळते. ती गोळी एकटीच दिली तर कांहीं रोग्यांत उन्माद भडकतो. म्हणजे अर्ध्या माहितीवर केलेला उपचार अपाय करूं शकतो.

यास फार खर्चाचा उपाय लागत नाहीं. एक प्रश्न अधिक विचारावा लागतो. “यापूर्वीं कधीं असे आठ-पंधरा दिवस गेले काय, कीं झोंप अगदीं थोडी, तरी अंगांत उत्साह फार, बोलणें फार, खर्च फार?” हा प्रश्न रोग्यास तर विचारावाच, पण त्याहून अधिक त्याच्या बायकोस, आईस, भावास विचारावा; कारण रोग्यास ते दिवस बरे दिवस म्हणूनच आठवतात. आशाताई विचारोत वा न विचारोत, घरच्यांनीं डॉक्टरांस ही हकीकत आपण होऊन सांगावी. शक्य तर तिची एक लहान वही ठेवावी: कोणत्या महिन्यांत चढ, कोणत्या महिन्यांत उतार, झोंप किती तास. दुधाचा व मजुरीचा हिशेब आपण ठेवतोंच. त्याच वहीच्या मागच्या पानावर हें लिहितां येईल.

दर्गा, आश्रम आणि कायदा

मनाच्या दुखण्यासाठीं आपल्या जिल्ह्यांत लोक सैलानी बाबांच्या दर्ग्यास जातात. पिंपळगांव सराईजवळील या स्थानीं होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, व हिंदु-मुसलमान दोघेही तेथें श्रद्धेनें येतात. श्रद्धेनें खचलेल्या घरास धीर येतो, तो कोणी हिरावूं नये. गुजराथेंत मेहसाणा जिल्ह्यांतील उनावा येथें मीरा दातार यांच्या दर्ग्यांत २००८ पासून मुजावर व मनोविकारतज्ज्ञ मिळून काम करीत आले: एकानें दुवा द्यावी, दुसऱ्यानें दवा. ही तडजोड सर्वत्र शहाणपणाची आहे. नवस जरूर फेडावा, पण गोळीही खिशांत असावी.

परंतु साखळी मात्र नको. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रमास आग लागली. तेथें साखळ्यांनीं बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्यु पावले. त्यांस पळतां आलें नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें, जो २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे, मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याच्या १८ व्या कलमानें प्रत्येकास परवडणाऱ्या खर्चांत, घराच्या जवळ, उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. रोग्यास लांबचा प्रवास करावा लागूं नये, आणि अत्यावश्यक औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळावीं, हें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. जेथें औषध संपलें आहे असें उत्तर मिळतें, तेथें आपण भीक मागत नसून हक्क मागत आहों, हें ग्रामसभेनें ध्यानांत ठेवावें.

ज्यांस घरच उरलें नाहीं, त्यांची वाट आणखी बिकट. चिखली तालुक्यांत पळसखेड सपकाळ येथें पालवे दांपत्यानें सेवासंकल्प प्रतिष्ठान उभें केलें व रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस आश्रय दिला. कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे डॉक्टर भरत वाटवानी यांस अशाच कामाबद्दल २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. अशा माणसांस बरें करून त्यांच्या घरीं पोंचविणें हें त्यांचें व्रत. रस्त्यावरील त्या प्रत्येक माणसाचें एके काळीं कोठेंतरी घर होतें. पहिल्याच वर्षीं गोळी वेळेवर मिळती, तर त्यांपैकीं कितीजण आज आपल्या ओसरीवर बसले असते!

खर्चाचा खरा हिशेब

“डॉक्टरास पैसे कोठून आणावे?” असें घरोघर विचारतात. हा हिशेब आपण शेतकऱ्याच्या रीतीनें मांडूं. एका बाजूस उपचार: सरकारी दवाखान्यांत औषध निःशुल्क, महिन्यांतून एक खेप, एस्. टी. चें भाडें, एका दिवसाची मजुरी. वर्षाच्या बारा खेपा. रोगी स्थिर झाल्यावर याहूनही कमी. दुसऱ्या बाजूस उपचार न केल्याचा खर्च: उन्मादांत मातीमोलानें विकलेली बैलजोडी, सावकारास लिहून दिलेला कागद, मोबाइलवरून काढलेलें कर्ज, आणि पुढच्या उतारांत पडीक राहिलेलें खरीप. पहिल्या बाजूची बेरीज दुसऱ्या बाजूच्या एका वर्षाच्या व्याजाइतकीही होणार नाहीं.

येथें एक कायदेशीर गोष्ट सांगून ठेवतों. १८७२ च्या करार कायद्याचें १२ वें कलम असें सांगतें कीं, जो मनुष्य एरवीं शहाणा पण कधींकधीं वेडाच्या भरांत असतो, त्यास त्या भरांत असतांना करार करतां येत नाहीं. परंतु त्या दिवशीं तो भरांत होता हें सिद्ध करावें लागतें, व तेथें डॉक्टरांचे कागद उपयोगी पडतात. ज्याचे कागद नाहींत त्याची बाजू लंगडी पडते. आणि २०१७ च्या कायद्यानें आणखी एक सोय केली आहे. रोगी बरा असतांना, शुद्धीवर असतांना, आपला उपचार कसा व्हावा हें तो आगाऊ लिहून ठेवूं शकतो, आणि आपल्या वतीनें निर्णय घेण्यास एखादा विश्वासू माणूस नेमूं शकतो. चांगल्या काळांत बांधलेला हा बांध पुराच्या वेळीं कामास येतो.

गांवानें काय करावें

आमच्या सभासदांपुढें पुढील सूचना ठेवतों. त्यांत एकही अशी नाहीं कीं जिला मोठें भांडवल लागेल.

एक: ग्रामपंचायतीच्या व सहकारी सोसायटीच्या फलकावर टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ मोठ्या अक्षरांत लिहावा. ही सेवा केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केली. फोन निःशुल्क आहे, रात्रीं-अपरात्रीं लागतो, व मराठींत बोलतां येतें.

दोन: जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाचा तालुक्यास येण्याचा दिवस कोणता, हें ग्रामपंचायतीनें विचारून आणावें व दवंडी देऊन कळवावें. एका गांवचे तीन-चार रोगी असतील तर त्यांनीं एका गाडींत मिळून जावें. भाडें वांटलें जातें, आणि एकटेपणाची लाजही वांटली जाते.

तीन: प्राथमिक आरोग्य केंद्रांत लिथियमसारखीं औषधें अखंड राहावीं म्हणून ग्रामसभेनें ठराव करून तो लेखी पाठवावा, व उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. पंधरा दिवस औषधाचा खंड पडला तर सहा महिन्यांचें काम वाया जातें.

चार: ज्या घरीं असा रोगी आहे, त्यानें कीटकनाशकाचे डबे घरांत ठेवूं नयेत. ते कुलुपांत, शक्य तर शेजाऱ्याच्या कोठींत ठेवावे. मरणाची लहर पुष्कळदां थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत विष हाताशीं नसलें तर जीव वांचतो. श्रीलंकेनें अत्यंत जहाल कीटकनाशकें टप्प्याटप्प्यानें बंद केलीं, तेव्हां तेथील आत्महत्या मोठ्या प्रमाणांत घटल्या. कोणी तसा प्रयत्न केलाच, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि पोलिसांच्या भयानें क्षणही दवडूं नये. असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें २०१७ चा कायदा गृहीत धरतो, व त्याची शुश्रूषा हें सरकारचें कर्तव्य ठरवितो.

पांच: बऱ्या झालेल्या माणसास काम द्यावें. बेल्जम देशांत गील नांवाचा एक गांव आहे. तेथील शेतकरी कुटुंबें शेंकडों वर्षांपासून मनोरुग्णांस आपल्या घरीं ठेवून घेतात. पूर्वीं तीं माणसें त्यांच्याच शेतांवर राबत व त्यांच्याच पंक्तीस जेवत. आपल्याकडे तर परक्यास घरीं आणण्याचीही गरज नाहीं. जो आपलाच आहे त्यास परका करूं नये, एवढेंच पुरे. सोंगणीच्या टोळींत त्यास घ्यावें, बैठकींत बोलवावें, हिशेबाची वही त्याच्यापुढें ठेवावी. “वेडा” हा शब्द मात्र बांधावर सोडून यावा.

हा विकार बहुधा जन्मभर सोबत करतो, हें लपवूं नये. पण मधुमेह तरी कोठें समूळ जातो? गोळी, झोंप आणि घरच्यांचें लक्ष या तीन गोष्टी सांभाळल्या, तर असा माणूस वर्षानुवर्षें आपली शेती चोख करतो. या महिन्यांत आपल्या वाचकांनीं एवढेंच करावें: आपल्या ओळखींत ज्या घराचें दार या कारणानें लागलेलें आहे, तेथें जावें, पाणी मागावें, बसावें, आणि उठतांना तालुक्यास पथक येण्याचा दिवस सांगून यावें. सोबतीस कोणी नसेल, तर आपणच बरोबर जावें.